टाकीच्या भिंतीवरचं नाव

लंकाबाईंच्या कोंबड्या चोरीला जायच्या. गाव वणीच्या पुढे, गडाच्या पायथ्याशी. चोर कोण हे सगळ्या आळीला माहीत होतं, पण एक कोंबडी दुसरीसारखीच दिसते, आणि शेजारचा सहादू शपथा घेण्यात पटाईत होता. लंकाबाई भांडल्या नाहीत. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल हिंगूळ त्यांनी वाटीत कालवला आणि एकेक कोंबडी मांडीवर घेऊन तिच्या डाव्या पंखाखाली बोट फिरवलं. वरून काही दिसत नव्हतं. पुढची कोंबडी गेली तेव्हाही त्या गप्प राहिल्या. मारुतीच्या पारावर माणसं जमेपर्यंत थांबल्या. मग सहादूच्या अंगणातली तांबडी कोंबडी उचलून आणली आणि सगळ्यांसमोर तिचा पंख वर केला.

"मी दुसरीत होते," त्यांची मुलगी चांगुणा सांगते. "सहादूकाकाचा तो चेहरा अजून आठवतो मला. फार आवडला होता."

हे सांगताना ती हसत नाही.

चांगुणा वडजे नाशिकला गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात प्रकाशावर पीएचडी करते. माझं मराठीचं एम.ए. झालं तेव्हापासून आम्ही दोघी एका खोलीत भाड्याने राहतो. तिच्या उजव्या हाताच्या बोटांचे ठसे जवळजवळ गेलेले आहेत, काच घासून घासून. सिमकार्डाच्या दुकानात मशीनवर अंगठा टेकवला की मशीन लाल होतं, दुकानदार म्हणतो, ताई, जरा पुसून ठेवा. ती पुसते. पुन्हा लाल. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "या शहरात मी आहे याला काही पुरावाच नाही बघ."

नाव तिच्या आजीचं. शाळेपासून या नावावर हसणारं कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. प्रयोगशाळेत आल्हाद आला आणि पहिल्याच आठवड्यात तिला 'चंगू' म्हणू लागला. तेव्हा मात्र परत वाटायला लागलं.

तिचं काम मला समजावं म्हणून तिने ते एकदा जेवताना सांगितलं होतं.

"लेझरचा प्रकाश म्हणजे देवळाली कॅम्पातली परेड. सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं. दिसायला देखणं. पण वाटेत खड्डा आला, एकाचं पाऊल चुकलं, की मागची अख्खी रांग विस्कटते. आता चैत्रातली गडावरची गर्दी आठव. कुणाचं पाऊल कुणाशी जुळत नाही. मध्येच कुणी पायरीवर बसलं, नारळाची पाटी आडवी आली, तरी गर्दी बाजूने वाहत वर जातेच."

"मग परेड मोडायची?"

"सगळी मोडली तर तो साधा बल्ब झाला, चारी दिशांना सांडणारा. थोडी मोडायची. किती आणि कशी, ते आपण ठरवायचं."

पुस्तकात याला अंशतः सुसंगत प्रकाश म्हणतात. चांगुणाने तो घडवला तो असा. एका मोटरवर फिरणारी काचेची चकती, जी तिने कार्बोरंडमच्या पावडरीने स्वतः घासून दुधाळ केली होती. लेझर त्या फिरत्या काचेतून गेला की त्याची शिस्त ढिली पडते. काचेच्या आधी नखाएवढी काळी फिल्म, आणि फिल्मच्या मधोमध एक पारदर्शक आकार. हे सगळं एका काळ्या डब्यात बंद, धूळ जाऊ नये म्हणून. डब्याच्या पलीकडच्या भिंगातून प्रकाश बाहेर येतो तेव्हा तो साधा गोल ठिपका असतो. टेबलावर कागद धरून बघा, गोलच. तो दूर जायला लागतो, आणि जाता जाता फिल्मवरचा आकार त्याच्यातून उघडतो.

तिच्या फिल्मवर एक कडं होतं. प्रयोगशाळा सगळ्यात वरच्या मजल्यावर. खिडकीतून निघालेला प्रकाश खालच्या वर्कशॉपच्या पत्र्यांवरून पलीकडच्या गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर जायचा. पत्रे दिवसभर तापलेले, त्यांच्यावरची हवा उकळत असते. साधा लेझर टाकीवर पोचेपर्यंत थरथरायचा, फुटायचा, नाचायचा. चांगुणाचं कडं टाकीच्या भिंतीवर शांत बसायचं. ज्या संध्याकाळी ते पहिल्यांदा बसलं त्या संध्याकाळी ती घरी आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "दूर जाऊन तो काय होणार हे निघतानाच ठरलेलं असतं. जवळून बघणाऱ्याला फक्त कळत नाही."

तेव्हा तिच्या मनात कोणाविषयी काही नव्हतं.

तिचे गाईड महेश गायधनी सर. आल्हाद त्यांचा भाचा, जर्मनीत शिकून आलेला, आल्या आल्या त्याच विभागात लागलेला. वाईट मुलगा नव्हे असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंही असेल. चांगुणाने कड्यावरचा शोधनिबंध लिहून सरांना दिला. सरांनी चाळला. म्हणाले, "काम चांगलं आहे. इंग्रजी जरा कच्चं आहे गं. आल्हादच्या नजरेखालून जाऊ दे."

नजरेखालून गेला तो बाहेरच आला नाही. काही महिन्यांनी एका परदेशी नियतकालिकात छापून आला. आधी आल्हादचं नाव, मग सरांचं. आकृत्या तिच्या, आकडे तिचे, टाकीच्या भिंतीवरचा तो प्लास्टरचा पोपडासुद्धा फोटोत होता. शेवटी बारीक टाइपात एक ओळ: तांत्रिक मदतीबद्दल कु. वडजे यांचे आभार.

ती सरांकडे गेली.

"सर, माझं नाव?"

"आहे की खाली."

"सर, काम माझं आहे."

"अगं, तुझ्या प्रबंधात येणारच आहे ना ते सगळं? आल्हादला आत्ता नोकरीत कायम व्हायचंय, त्याला गरज आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस."

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. सर फोनवर होते. त्यांनी हातानेच नंतर ये म्हटलं.

मग प्रबंधाची वेळ आली. प्रबंध जमा करण्याआधी तो यंत्रावर तपासतात, कुठून उचललाय का बघायला. चांगुणाचं चौथं प्रकरण, कड्याचं, सगळ्यात मोठं, यंत्राने लाल करून परत पाठवलं. आल्हादच्या निबंधाशी जवळजवळ शब्दशः जुळतं, असा शेरा. तिचंच लिखाण तिने चोरलं, असं ठरलं. ते प्रकरण काढलं तर प्रबंधात काही उरत नव्हतं, आणि ठेवलं तर ती चोर. आल्हादने व्हरांड्यात तिला गाठून समजूत घातली. "चंगू, टेन्शन नको घेऊस. माझा पेपर साइट कर आणि भाषा थोडी बदल. मी बघून देतो हवं तर."

मी बघून देतो. हे वाक्य तिने घरी येऊन मला तीनदा ऐकवलं, त्याच्याच आवाजात.

ती रडली नाही. पातेलं घासायला घेतलं आणि इतकं घासलं की बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं होतं ते दिसेनासं झालं. त्या दिवसापासून तिच्यात एक थंडपणा आला. प्रयोगशाळेत ती आधीपेक्षा नीट वागू लागली. भिंगं पुसून ठेवायची, मोटरला तेल द्यायची, सरांना नमस्कार, आल्हादला हसून उत्तर. मला भीती वाटायची तिची. एकदा म्हटलं, "मशीनच बिघडवून ठेव ना. एक भिंग जरा तिरकं केलंस की झालं."

"मग म्हणतील मशीन बिघडलं." ती फोडणीत मोहरी टाकत होती, मागे वळलीही नाही. "मला सगळं नीट चालायला हवंय. अगदी नीट. आणि नीट चालूनच त्याचं नाक कापलं जायला हवं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात डेमो ठरला. कड्याच्या कामासाठी मोठा प्रकल्प मिळायचा होता. पुण्याहून एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाई येणार होत्या, लष्करातून निवृत्त झालेले एक अधिकारी, संस्थेचे अध्यक्ष. संध्याकाळी टाकीसमोर खुर्च्या मांडायच्या आणि आल्हाद कडं दाखवणार. चांगुणाने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी रविवार कारंजाजवळच्या एका छपाईवाल्याकडे गेली. पत्रिकांसाठी फिल्म काढून देणारं जुनं दुकान. तिने नखाएवढा चौकोन आखून दिला आणि त्यात हवा असलेला शब्द सांगितला.

छपाईवाल्याने चष्मा वर केला. "चोर? एवढ्या बारीक अक्षरात? ताई, सावधानचा बोर्ड करायचा असेल तर मोठा करा. हे कोण वाचणार?"

"वाचतील. लांबून."

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा असते. सगळी यंत्रं पुसायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही. दसऱ्यालाही नाही. ही पद्धत कॉलेज सुरू झाल्यापासूनची, आणि जर्मनीहून आलेल्या आल्हादनेही ती कधी मोडली नव्हती. पूजा करतो कुंदन, तिथला सहायक, पन्नाशीचा, पोटावर शर्टाचं बटण न बसणारा माणूस. त्याने एका वर्षी भक्तिभावाने एका भिंगालाच कुंकवाचं बोट लावलं होतं. तेव्हा चांगुणा त्याच्यावर जी ओरडली ती तो विसरलेला नाही.

"मॅडम, टेबलाच्या पायाला लावतो. चालंल ना?"

"चालेल."

"आणि ह्या डब्याला?"

"डबा मी आतून पुसते आधी. मग वरून लाव."

कुंदन माळ ओवत बसला. चांगुणाने काळ्या डब्याचं झाकण काढलं, कडं असलेली फिल्म सरकवून बाहेर घेतली आणि तिच्या जागी नवी बसवली. उलटी, कारण भिंग चित्र फिरवतं. झाकण लावलं. कुंदनने त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, दोन फुलं ठेवली आणि हात जोडले. चांगुणानेही जोडले. आता दोन दिवस कोणी हात लावणार नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी दिवसाउजेडी टाकीवर काही दिसत नाही. आल्हाद फार तर टेबलावर कागद धरून बघणार होता. टेबलावर गोल ठिपका दिसणार होता.

दसऱ्याला ती गावी गेली. सोनं वाटून झाल्यावर चुलीपुढे बसून तिने आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई खूश होईल. लंकाबाईंनी ऐकून घेतलं, पुरणाची पोळी उलथली.

"म्हंजे भिंतीवर काय उमटंल?"

"चोर."

"आन् लोक काय म्हंतील?"

"म्हणजे?"

"कोन चोर, कोनाचा चोर, काय कळंल त्येंला? म्हंतील कोन्या पोरानं वांडपना क्येला. तो भाच्या बी हसंल, आन् तुज्याकडं बोट दावंल. लय सोपं केलंस तू त्येचं."

चांगुणाने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मी काय सहादूच्या कपाळावर चोर म्हनून लिवलं व्हतं? मी कोंबडीचा पंख वर क्येला. माजा रंग दावला. चोर त्येला लोकांनी म्हनलं, मी नाय." त्यांनी पोळीवर तूप सोडलं. "एवढा तुजा उजेड हाय, आन् त्येच्यावर त्येचं नाव लिवती? तुजं लिव की."

"माझं लिहून काय होणार, आई?"

"त्येला वाचावं लागंल."

चांगुणा मला म्हणाली की ती त्या वेळी पहिल्यांदा पोटभर जेवली, कितीतरी महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून ती परत आली आणि थेट रविवार कारंजाला जाऊन बसली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडणार, हे तिने लक्षातच घेतलं नव्हतं. ऊन चढलं तरी शटर खालीच. तिकडे आल्हादचे फोन येत होते: चंगू कुठे आहेस, खुर्च्या कुठे ठेवायच्या, पडद्याच्या दोऱ्या कुठे आहेत. ती म्हणत राहिली, येते, येते. दुपारी छपाईवाला कपाळाला मोठा टिळा लावून आला.

"आज काय लिहायचं?"

"चांगुणा."

"कोण चांगुणा?"

"मी."

"मग ही पत्रिकाच ना?" त्याला फार आनंद झाला. "मुलाचं नाव कुठं टाकायचं?"

"मुलाचं नाव नाही टाकायचं."

तो चष्मा खाली ओढून कामाला लागला. फिल्म कागदात गुंडाळून दिली.

ती कॉलेजात पोचली तेव्हा प्रयोगशाळा भरलेली होती. आल्हाद नव्या जाकिटात, सर फोनवर, कुंदन पाणी ठेवतोय. लेझर सुरू होता. आल्हाद टेबलावर कागद धरून सरांना दाखवत होता: "बघा मामा, परफेक्ट." कागदावर गोल ठिपका होता. आत 'चोर' होता. चांगुणा पर्स सावरत पुढे झाली.

"सर, डब्यात जरा धूळ गेल्यासारखी वाटतेय. पूजेची हळद असेल."

सरांनी आल्हादकडे पाहिलं. आल्हाद म्हणाला, "हो, हो, साफ कर ना. तेच तर तुझं काम आहे."

तिने सगळ्यांसमोर झाकण उघडलं. पाठ त्यांच्याकडे. एक फिल्म बाहेर, एक आत. बाहेरची पर्समध्ये. आल्हाद तिच्या मागे उभा राहून फोनवर टाय कसा बांधायचा ते बघत होता. त्याने तो निबंध लिहिला होता, त्यावर दोन ठिकाणी भाषणं दिली होती, पण तो डबा आजवर एकदाही उघडला नव्हता.

तिन्हीसांजेला पाहुणे आले. त्या वर्षी ऑक्टोबर कडक होता. सूर्य बुडाला तरी पत्रे गरम होते आणि त्यांच्यावरून दिसणारे पलीकडचे दिवे हलत होते. आधी प्रयोगशाळेत आल्हादने सगळ्यांना टेबलावरचा ठिपका दाखवला. मग सगळे वळसा घालून टाकीसमोरच्या खुर्च्यांवर येऊन बसले. चांगुणा मागे, कठड्यापाशी उभी. खिडकीत कुंदन, प्रकाशाच्या वाटेत पुठ्ठा धरून. आल्हाद बोलायला चांगला आहे. उकळती हवा, फुटणारा प्रकाश, परेड आणि गर्दी. परेड आणि गर्दी हे उदाहरणही त्याने घेतलं होतं. चांगुणा ते कधी त्याच्याशी बोलली होती हे तिला आठवेना.

"आणि आता आम्ही घडवलेलं कडं तुम्हाला दिसेल. कुंदन!"

कुंदनने पुठ्ठा काढला.

टाकीच्या भिंतीवर तांबडी अक्षरं उमटली. कडा जरा मऊ, पण स्थिर. तापलेल्या हवेतून येऊनही एक रेघ हलत नव्हती. अनुस्वार थोडा पसरला होता, इतकंच.

मग निवृत्त अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि संस्थेच्या अध्यक्षांनीही, कारण त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. आल्हाद भिंतीकडे बघत राहिला. सर अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

पुण्याच्या बाई पुढच्या रांगेत होत्या. वय झालेलं, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. त्या म्हणाल्या, "फारच स्थिर आहे हो. काय आहे ते? अक्षरं आहेत का? मला नीट दिसत नाही. वाचून दाखवा."

आल्हादने ओठ ओले केले.

"वाचा ना. काय लिहिलंय?"

"चां…" तो म्हणाला. आणि मग, सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं, "चांगुणा."

इतक्या दिवसांत त्याने तिचं नाव पूर्ण उच्चारलं ते पहिल्यांदा. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या चांगुणाने ते आत ओढून घेतलं, थंड पाण्यासारखं.

"चांगुणा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"ते… ते काहीतरी सॉफ्टवेअरमध्ये गडबड झाली आहे, मॅडम. एक मिनिट. कुंदन! बंद कर! मोटर बंद कर आधी!"

कुंदनने मोटर बंद केली. काच थांबली. क्षणात भिंतीवरचं नाव फुटलं आणि त्याच्या जागी तांबडी रेती सांडल्यासारखे हजार ठिपके चमकू लागले. पत्र्यांवरच्या वाफेने ते वळवळत होते.

बाई हसल्या. त्यांना आता चांगलं दिसत असावं. "काच थांबवलीत, परेड परत सुरू झाली. आणि या सगळ्यात सॉफ्टवेअर कुठे आहे म्हणालात?"

आल्हादने सरांकडे पाहिलं. सर खुर्चीतून वळले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

"चांगुणा, जरा बघ गं काय झालंय ते."

ती जागची हलली नाही.

"तांत्रिक मदत हवीय का, सर?"

हे ती मोठ्याने बोलली नाही. पण गच्ची शांत होती. बाईंनी चष्मा काढून मागे पाहिलं. "चांगुणा तुम्ही का?"

"हो."

"मग सांगा. मला नाव परत बघायचंय."

"कुंदनमामा, मोटर चालू करा," चांगुणाने खिडकीकडे हाक दिली. रेती विरली, नाव परत आलं. मग तिने सांगितलं: फिल्मवर काय आहे, काच किती खरबरीत घासायची, ठिपका जवळ गोल का दिसतो, किती अंतरावर उघडतो. बाई मधेमधे प्रश्न विचारत होत्या. एकदाही आल्हादकडे वळल्या नाहीत. शेवटी त्यांनी सरांना विचारलं, "तुमच्या निबंधावर ह्यांचं नाव पाहिल्याचं आठवत नाही मला."

"आहे की," सर म्हणाले. आणि थांबले. खाली, हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

चहाला सगळे उतरले. सर जाता जाता म्हणाले, "ते बंद कर आता."

"तुम्ही व्हा पुढे, सर."

तिने बंद केलं नाही. कुंदन वळसा घालून इकडे आला, आणि दोघंच टाकीसमोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसली. कुंदनने तिला पेढा दिला. "मॅडम, मला आधी सांगितलं असतं तर दोन फुलं जास्त वाहिली असती."

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बोलले ते असं: पाहुण्यांसमोर असं वागायचं नसतं, घरातलं घरात ठेवायचं असतं, मागितलं असतंस तर नाव दिलं असतं.

"मागितलं होतं, सर. दोनदा."

"हे बघ, आता छापून गेलंय. त्यात बदल करायचा म्हणजे आल्हादची—"

चांगुणाने पर्समधून एक कागदाची पुडी काढली, सोडली, आणि नखाएवढी काळी फिल्म त्यांच्या टेबलावरच्या काचेवर ठेवली. सरांनी ती चिमटीत धरून ट्यूबलाइटकडे नेली. अक्षरं बारीक होती. त्यांना वाचायला वेळ लागला. तिने तो वेळ पुरेपूर दिला.

"ही लावणार होते," ती म्हणाली. "नाही लावली. जपून ठेवलीय."

सरांनी केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग फिल्म तिच्याकडे सरकवली आणि कॉम्प्युटर सुरू केला. त्या आठवड्यात नियतकालिकाकडे दुरुस्तीचं पत्र गेलं. पावसाळ्याआधी दुरुस्ती छापून आली: पहिलं नाव चांगुणाचं, मग सरांचं, मग आल्हादचं. आभाराची ओळ काढून टाकली आहे. चौथं प्रकरण यंत्राने या वेळी परत पाठवलं नाही. प्रबंधावर सरांची सही झाली. 'बेस्ट लक' असंही त्यांनी लिहिलं.

मी विचारलं, "झालं ना आता? फेकून दे ती फिल्म."

"का? खात नाही, पीत नाही. राहू दे की." ती तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी.

आल्हाद अजून तिथेच आहे. तिला पूर्ण नावाने हाक मारतो, बोलणं मोजकंच. पण एक सवय त्याला लागली आहे. टेबलावर गोल ठिपका नीट दिसला तरी त्याचा विश्वास बसत नाही. रोज संध्याकाळी, प्रयोग साधा असो वा मोठा, तो वळसा घालून पलीकडच्या गच्चीवर जातो, तापलेल्या पत्र्यांच्या झळा तोंडावर घेत टाकीपाशी उभा राहतो, आणि अंधार पडेपर्यंत भिंतीवर काय उघडतंय ते बघत राहतो. काही उघडत नाही. कडंच असतं.

चांगुणा त्या वेळी खिडकीत उभी असते. तिचा चहा तोवर निवतो, पण ती तो सावकाश पिते. आल्हाद भिंतीपासून वळून परत निघेपर्यंत ती खिडकी सोडत नाही.